अग्र क्रूसिएट अस्थिबंध पुनर्रचना

अग्र क्रूसिएट अस्थिबंध पुनर्रचना ही गुडघ्यातील तुटलेल्या अग्र क्रूसिएट अस्थिबंधाच्या जागी कंडरेचा तुकडा बसवून सांध्याला पुन्हा स्थैर्य देण्याची शस्त्रक्रिया आहे. हा अस्थिबंध वैद्यकीय व क्रीडाक्षेत्रात ‘एसीएल’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. बोलीभाषेत या दुखापतीला ‘गुडघ्याचे लिगामेंट तुटणे’ असे म्हणतात. शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीद्वारे केली जाते, तिला साधारणतः एक ते दोन तास लागतात आणि रुग्ण सहसा एक-दोन दिवसांत घरी जातो. मात्र बसवलेल्या कंडरेचे अस्थिबंधासारख्या ऊतीत रूपांतर होण्यास अनेक महिने लागतात. त्यामुळे धावपळीच्या व वळणावळणाच्या खेळांकडे परतण्यासाठी सहसा नऊ महिने ते एक वर्ष इतका अवधी दिला जातो.

ही शस्त्रक्रिया आणि गुडघा प्रत्यारोपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्यारोपणात झिजलेल्या सांध्याचे पृष्ठभाग काढून तेथे धातू व प्लास्टिकचे भाग बसवले जातात. अस्थिबंध पुनर्रचनेत रुग्णाचा मूळ सांधा कायम राहतो.

शरीररचना व कार्य

गुडघ्याचा सांधा मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि गुडघ्याची वाटी यांचा बनलेला असतो. हाडांना हाडांशी जोडणाऱ्या चिवट तंतुमय पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात, तर स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या पट्ट्यांना कंडरा म्हणतात. गुडघ्यात चार प्रमुख अस्थिबंध असतात. आतल्या व बाहेरच्या बाजूचे दोन पार्श्व अस्थिबंध सांध्याला आडवे झुकू देत नाहीत. सांध्याच्या मध्यभागी असलेले अग्र व पश्च हे दोन अस्थिबंध एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. ‘क्रूसिएट’ हा शब्द याच फुलीच्या आकारावरून आला आहे.

अग्र क्रूसिएट अस्थिबंध मांडीच्या हाडाच्या बाहेरील गोलाकार टोकाच्या आतल्या बाजूपासून निघून नडगीच्या हाडाच्या वरच्या पृष्ठभागावर, मध्यापासून किंचित पुढे जोडला जातो. त्याची लांबी सुमारे तीन सेंटिमीटर असते. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि सांध्याच्या पिळासारख्या हालचालीवर नियंत्रण ठेवणे ही त्याची मुख्य कार्ये होत. सरळ रेषेत चालताना त्याच्यावर फारसा ताण येत नाही. धावताना अचानक थांबणे, दिशा बदलणे, उडी मारून एका पायावर उतरणे अशा क्रियांत मात्र त्याची खरी कसोटी लागते. म्हणूनच हा अस्थिबंध तुटलेली व्यक्ती सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालू शकते, परंतु वळताना तिचा गुडघा दगा देतो.

पूर्णपणे तुटलेला अग्र क्रूसिएट अस्थिबंध सहसा आपोआप पूर्ववत जुळत नाही. शरीरातील इतर जखमांत रक्ताची गुठळी तयार होते आणि तिच्या आधारे नवी ऊती वाढते. हा अस्थिबंध सांध्यातील वंगणद्रवाने वेढलेला असल्याने तेथे अशी गुठळी टिकत नाही. त्यामुळे तुटलेली टोके एकमेकांपासून दूर राहतात. ती नुसती शिवण्यापेक्षा नवी कंडरा बसवण्याची पद्धत रूढ झाली, यामागे हे प्रमुख कारण आहे.

दुखापतीची कारणे

क्रीडाक्षेत्रातील बहुसंख्य एसीएल दुखापती दुसऱ्या खेळाडूशी टक्कर न होताच घडतात. पाय जमिनीवर रोवलेला असताना शरीर वळणे, गुडघा आतल्या बाजूला झुकणे आणि त्याच क्षणी मांडीच्या पुढील स्नायूने जोराने खेचणे, असा हा प्रसंग असतो. फुटबॉल, बास्केटबॉल, हँडबॉल, कुस्ती, कबड्डी व खो-खो या खेळांत अशा हालचाली वारंवार होतात. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण करताना आणि गोलंदाजीत पुढचा पाय टेकवताना गुडघ्यावर मोठा ताण येतो. भारतात खेळांच्या जोडीला दुचाकी वाहनांचे अपघात हेही या दुखापतीचे महत्त्वाचे कारण आहे. अपघातात बऱ्याचदा एकाहून अधिक अस्थिबंध तुटतात आणि उपचार अधिक गुंतागुंतीचे होतात.

समान खेळ खेळणाऱ्या पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये या दुखापतीचे प्रमाण अधिक आढळते. उडीनंतर जमिनीवर उतरण्याची पद्धत, स्नायूंच्या बळातील फरक, सांध्याची रचना, संप्रेरके आणि प्रशिक्षणाच्या अपुऱ्या संधी अशी अनेक कारणे त्यासाठी मांडली गेली आहेत. कोणतेही एक कारण निर्णायक मानले जात नाही.

लक्षणे व निदान

दुखापतीच्या क्षणी अनेकांना गुडघ्यात ‘टक्’ असा आवाज झाल्याचे जाणवते. काही तासांतच सांध्यात रक्त साचून गुडघा सुजतो. सूज व वेदना दोन-तीन आठवड्यांत ओसरतात, आणि त्यामुळे दुखापत किरकोळ होती असा समज होण्याचा संभव असतो. पुढे जिना उतरताना, वळताना किंवा खेळताना गुडघा निसटल्याची भावना वारंवार येऊ लागते. अशा प्रत्येक प्रसंगी दोन हाडांमधील अर्धचंद्राकृती कूर्चेला, म्हणजे मेनिस्कसला, नवी इजा होऊ शकते. या कूर्चेला बोलीत गुडघ्याची ‘गादी’ म्हणतात. दुर्लक्षित दुखापतीचा सर्वांत मोठा धोका या गादीलाच असतो.

निदानासाठी डॉक्टर प्रथम हाताने तपासणी करतात. लॅकमन चाचणीत गुडघा सुमारे वीस ते तीस अंशांत वाकवून नडगीचे हाड पुढे ओढून पाहिले जाते. हाड दुसऱ्या पायाच्या तुलनेत अधिक पुढे सरकले आणि शेवटी ठाम अटकाव जाणवला नाही, तर अस्थिबंध तुटल्याचा संशय बळावतो. ही चाचणी अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ जॉन लॅकमन यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे वर्णन त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केले. क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नाही, परंतु हाड मोडले आहे काय ते कळते. एमआरआय तपासणीत अस्थिबंध, गादी, कूर्चा व हाडातील मुका मार यांची एकत्रित माहिती मिळते.

शस्त्रक्रियेची आवश्यकता

एसीएल तुटलेल्या प्रत्येक व्यक्तीला शस्त्रक्रिया करावीच लागते असे नाही. निर्णय घेताना रुग्णाचे वय, व्यवसाय, खेळाची पातळी, गुडघा निसटण्याचे प्रमाण आणि गादीची स्थिती यांचा विचार होतो. बैठे काम करणारी व वळणाचे खेळ न खेळणारी व्यक्ती स्नायू बळकट करणाऱ्या नियोजित व्यायामांवर समाधानकारकपणे वावरू शकते. दैनंदिन व्यवहारातही गुडघा दगा देत असल्यास, गादीची दुरुस्ती करणे शक्य असल्यास, अनेक अस्थिबंध तुटले असल्यास किंवा रुग्णाला खेळाकडे परतायचे असल्यास शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जातो.

या प्रश्नावर दोन अभ्यास विशेष चर्चिले गेले आहेत. स्वीडनमध्ये १२१ तरुण व क्रियाशील रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका गटावर लवकर शस्त्रक्रिया करण्यात आली. दुसऱ्या गटाला आधी व्यायामोपचार आणि गरज भासल्यासच शस्त्रक्रिया असे धोरण लावण्यात आले. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या स्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांनी मात्र पाच वर्षांच्या आत शस्त्रक्रिया करून घेतली. ब्रिटनमधील ३१६ रुग्णांच्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुखापत जुनी होऊनही गुडघा अस्थिर राहिलेल्या रुग्णांचा समावेश होता. त्यांच्यात केवळ व्यायामोपचारापेक्षा शस्त्रक्रिया अधिक लाभदायक ठरली. दोन्ही अभ्यास एकत्र वाचल्यास असे दिसते की, ताज्या दुखापतीत व्यायामोपचाराला संधी देणे वाजवी असते, पण अस्थिरता टिकून राहिल्यास शस्त्रक्रिया लांबवण्यात लाभ नसतो.

इतिहास

गुडघ्यातील फुलीच्या आकाराच्या अस्थिबंधांचा उल्लेख रोमन काळातील वैद्य गॅलेन यांच्या लेखनात आढळतो. इंग्लंडमधील लीड्स येथे आर्थर मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये तुटलेले क्रूसिएट अस्थिबंध शिवले. अर्नेस्ट हे ग्रोव्ह्ज यांनी १९१७ मध्ये मांडीच्या बाहेरील तंतुपट्टी वापरून केलेली पुनर्रचना प्रसिद्ध केली. वाटीखालील कंडरा वापरण्याच्या पद्धतीला केनेथ जोन्स यांच्या १९६३ मधील कामाने चालना मिळाली.

दुर्बिणीने सांधा पाहण्याचे तंत्र प्रामुख्याने जपानमध्ये विकसित झाले. केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिले आणि पुढे मासाकी वातानाबे यांनी या तंत्राला व्यावहारिक रूप दिले. दुर्बिणीद्वारे एसीएल पुनर्रचना प्रथम डेव्हिड डँडी यांनी १९८० मध्ये इंग्लंडमध्ये केली. त्यामुळे सांधा मोठ्या चिरेने उघडण्याची गरज संपली.

शस्त्रक्रियेची पद्धत

पूर्वतयारी

अनेक अस्थिबंध तुटले नसल्यास ही शस्त्रक्रिया तातडीने करण्याची आवश्यकता सहसा नसते. सूज उतरणे, गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा स्नायू पुन्हा आकुंचन पावू लागणे या तीन गोष्टींची बहुधा वाट पाहिली जाते. सुजलेल्या व आखडलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केल्यास तो नंतर कायमचा आखडण्याचा धोका वाढतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच काही आठवडे व्यायाम सुरू केला जातो.

कंडरेची निवड

तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवल्या जाणाऱ्या कंडरेला शल्यचिकित्सक ‘ग्राफ्ट’ म्हणतात. ती बहुतेक वेळा रुग्णाच्याच शरीरातून घेतली जाते. तिचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

• मांडीच्या मागील स्नायूंच्या कंडरा: या ‘हॅमस्ट्रिंग’ कंडरा दुमडून जाड दोरी तयार केली जाते. चीर लहान असते. मात्र गुडघा वाकवण्याचे बळ काही काळ कमी होते.
• वाटीखालील कंडरा: तिच्या मधला पट्टा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह काढला जातो. हाड हाडाशी लवकर जुळत असल्याने ही पकड मजबूत मानली जाते. गुडघे टेकताना दुखणे हा तिचा दोष आहे. पूजा, नमाज किंवा कामाच्या निमित्ताने गुडघ्यांवर बसणाऱ्यांनी त्याचा विचार करावा लागतो.
• वाटीवरील कंडरा: मांडीच्या पुढील स्नायूच्या या कंडरेचा वापर अलीकडच्या काळात वाढला आहे.
• घोट्याजवळील पेरोनियस लाँगस कंडरा: भारतातील काही शल्यचिकित्सक, विशेषतः अनेक अस्थिबंध तुटलेल्या रुग्णांत, हिचा उपयोग करतात.
• दात्याची कंडरा: मृत दात्याकडून मिळालेली कंडरा वापरल्यास रुग्णाच्या शरीरावर जादा जखम होत नाही. तरुण खेळाडूंत मात्र ती पुन्हा तुटण्याचे प्रमाण अधिक आढळले आहे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया

रुग्णाला कमरेतून किंवा संपूर्ण भूल दिली जाते. वाटीच्या दोन्ही बाजूंना लहान छिद्रे पाडून त्यांतून दुर्बीण व अवजारे आत सोडली जातात. प्रथम सांध्याची पाहणी करून फाटलेली गादी शक्य असल्यास शिवली जाते. त्यानंतर मांडीच्या व नडगीच्या हाडात मूळ अस्थिबंधाच्या जागी बोगदे पाडून त्यांतून तयार कंडरा ओवली जाते. ती ताणून स्क्रू किंवा हाडाच्या पृष्ठभागावर अडकणाऱ्या धातूच्या लहान बटणाने पक्की केली जाते. बोगद्यांची जागा अचूक असणे निर्णायक ठरते. ती चुकल्यास उत्तम कंडराही सैल पडते किंवा हालचालीला अडथळा आणते.

बरे होण्याची प्रक्रिया

कंडरेचे रूपांतर

बसवलेली कंडरा शस्त्रक्रियेच्या दिवशी बळकट असते, परंतु तिला रक्तपुरवठा नसतो. पहिल्या आठवड्यांत तिच्यातील मूळ पेशी मरतात. पुढे आजूबाजूच्या ऊतीतून नव्या रक्तवाहिन्या व पेशी तिच्यात शिरतात आणि जुने तंतू काढून नवे तंतू रचतात. या फेररचनेच्या काळात, म्हणजे साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, कंडरा सर्वांत दुबळी असते. याच सुमारास रुग्णाची सूज व वेदना जवळजवळ नाहीशी होते आणि चालणे सुधारते. गुडघा बरा वाटणे आणि गुडघा बरा होणे यांत पडणारे हे अंतर पुनर्वसनात सर्वाधिक महत्त्वाचे मानले जाते. रूपांतर पूर्ण होण्यास एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो.

पुनर्वसनाचे टप्पे

पुढील कालमर्यादा ढोबळ आहेत. गादीची दुरुस्ती किंवा इतर अस्थिबंधांची पुनर्रचना झाली असल्यास पायावर भार देणे व गुडघा वाकवणे यांवर अधिक काळ निर्बंध असतात.

• पहिले दोन आठवडे: सूज कमी करणे, गुडघा पूर्ण सरळ करणे आणि मांडीचा स्नायू आवळण्याचा व्यायाम. उशी घोट्याखाली ठेवली जाते. गुडघ्याखाली ठेवल्यास गुडघा वाकलेलाच राहण्याची सवय लागते.
• दोन ते सहा आठवडे: कुबड्या हळूहळू सोडणे, चालण्याची ढब सुधारणे, गुडघा अधिक वाकवणे, स्थिर सायकल.
• दीड ते तीन महिने: बळ व तोल वाढवणारे व्यायाम. या टप्प्यात पळणे व उड्या टाळल्या जातात.
• तीन ते सहा महिने: पुरेसे बळ आल्यास सरळ रेषेत धावणे.
• सहा ते नऊ महिने: उडी मारून उतरणे, दिशा बदलणे व खेळाशी निगडित सराव.
• नऊ महिन्यांनंतर: चाचण्या उत्तीर्ण झाल्यास टप्प्याटप्प्याने स्पर्धात्मक खेळ.

दैनंदिन व्यवहार

बैठे काम करणारे अनेक रुग्ण दोन ते चार आठवड्यांत कामावर परततात. अंगमेहनतीच्या कामासाठी काही महिने लागतात. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा आणि उतरताना आधी शस्त्रक्रिया झालेला पाय खाली टेकवावा, असे सुरुवातीला शिकवले जाते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, वज्रासन आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांत गुडघा खोलवर वाकतो. त्यामुळे या गोष्टी पहिले काही महिने टाळण्यास सांगितले जाते आणि घरी कमोडची सोय करावी लागते.

खेळाकडे परतणे

केवळ दिनदर्शिकेवरून खेळण्याची परवानगी देण्याची पद्धत मागे पडत आहे. शस्त्रक्रिया झालेल्या पायाचे बळ आणि एका पायावर मारलेल्या उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के असावे, असा निकष सामान्यतः वापरला जातो. अमेरिका व नॉर्वेतील १०६ रुग्णांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नऊ महिन्यांपर्यंत परतणे लांबवलेल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबल्याने असा लाभ दिसला नाही. चाचण्या उत्तीर्ण न होता परतलेल्यांपैकी ३८ टक्के खेळाडूंना पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली. उत्तीर्ण झालेल्यांत हे प्रमाण सहा टक्क्यांहून कमी होते.

उपलब्ध अभ्यासांच्या २०१४ मधील एकत्रित परीक्षणानुसार शस्त्रक्रियेनंतर सुमारे ८१ टक्के व्यक्ती कोणत्या तरी खेळाकडे परततात, ६५ टक्के पूर्वीच्या पातळीला पोहोचतात आणि ५५ टक्के स्पर्धात्मक खेळ पुन्हा खेळतात. पुन्हा दुखापत होण्याची भीती हे न परतण्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. त्यामुळे मानसिक तयारीचाही पुनर्वसनात समावेश केला जातो.

धोके व गुंतागुंत

जंतुसंसर्ग व पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे या गंभीर परंतु विरळ गुंतागुंती आहेत. ताप, वाढती सूज, जखमेतून स्राव किंवा पोटरीत तीव्र वेदना झाल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. चिरेजवळच्या त्वचेला बधिरपणा येणे ही तुलनेने सामान्य बाब आहे. सांधा आखडणे, वाटीजवळ दुखत राहणे व कंडरा पुन्हा तुटणे या इतर गुंतागुंती होत. तरुण खेळाडूंत दुसऱ्या गुडघ्याचा एसीएल तुटण्याचा धोकाही लक्षणीय असतो. शस्त्रक्रियेने सांध्याला स्थैर्य मिळत असले तरी मूळ दुखापतीमुळे पुढील आयुष्यात सांध्याची झीज होण्याची शक्यता पूर्णपणे टळत नाही.

भारतीय खेळाडूंची उदाहरणे

सांगलीत वाढलेली क्रिकेटपटू स्मृती मंधाना हिचा एसीएल जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातील महिला बिग बॅश लीगमध्ये खेळताना तुटला. सुमारे पाच महिन्यांच्या पुनर्वसनकाळात तिला विश्वचषक पात्रता स्पर्धा व दक्षिण आफ्रिकेतील चौरंगी मालिका मुकावी लागली. जून २०१७ मध्ये इंग्लंडमधील विश्वचषकात पुनरागमन करताना तिने पहिल्या सामन्यात यजमानांविरुद्ध ९० आणि पुढच्या सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा केल्या.

कुस्तीपटू विनेश फोगाट हिच्या डाव्या गुडघ्याला ऑगस्ट २०२३ मध्ये सरावात दुखापत झाली व त्याच महिन्यात मुंबईत तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यामुळे ती हांगचौ आशियाई स्पर्धेत खेळू शकली नाही. एप्रिल २०२४ मध्ये तिने ऑलिंपिक पात्रता मिळवली आणि ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. वजनाच्या निकषावर ती अंतिम लढतीपूर्वी अपात्र ठरली.

क्रिकेटपटू ऋषभ पंत याला ३० डिसेंबर २०२२ रोजी झालेल्या मोटार अपघातात उजव्या गुडघ्याच्या अस्थिबंधांची गंभीर दुखापत झाली. त्याला विमानाने मुंबईला आणून जानेवारी २०२३ मध्ये अंधेरी येथील कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली. तो मार्च २०२४ मध्ये, म्हणजे चौदा महिन्यांहून अधिक काळानंतर, स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये परतला.

या तिन्ही उदाहरणांतील अवधी वेगवेगळा आहे, कारण दुखापतीचे स्वरूप व खेळाच्या मागण्या वेगळ्या होत्या. शिवाय व्यावसायिक खेळाडूंना रोजची देखरेख उपलब्ध असते. त्यांच्या पुनरागमनाच्या तारखा सर्वसामान्य रुग्णांसाठी मापदंड ठरत नाहीत.

मुंबई व उपनगरांतील उपचार

मुंबईत परळचे केईएम आणि शीवचे लोकमान्य टिळक ही महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालये असून त्यांत अस्थिरोग विभाग आहेत. उपनगरांत घाटकोपरचे राजावाडी हे महापालिकेचे प्रमुख रुग्णालय आहे. खासगी क्षेत्रात अंधेरीतील वरील रुग्णालयाबरोबरच नाहूर स्थानकाजवळ मुलुंड–गोरेगाव जोडरस्त्यावर फोर्टिस रुग्णालय आहे.

शस्त्रक्रिया एकदाच होते, पण फिजिओथेरपीसाठी अनेक महिने जावे लागते. त्यामुळे उपचारांचे नियोजन करताना घराजवळ फिजिओथेरपीची सोय असणे महत्त्वाचे ठरते. भांडुप, नाहूर, मुलुंड यांसारख्या स्थानकांवरून लोकलने प्रवास करणाऱ्यांना पादचारी पुलाचे जिने, गर्दीतील धक्के व उभ्याने प्रवास यांना तोंड द्यावे लागते. कुबड्या सुटल्या म्हणजे गर्दीच्या वेळी प्रवास सुरक्षित झाला असे होत नाही. चालत्या गाडीतून उतरणे हे तर एरवीही धोकादायक आहे. फेररचनेच्या काळातील कंडरेवर त्यामुळे नेमका तोच पिळाचा ताण येतो, ज्याने मूळ अस्थिबंध तुटतो.

प्रतिबंध

उडीनंतर गुडघे वाकवून व पायांच्या रेषेत ठेवून उतरणे, मांडीच्या मागील व कमरेच्या स्नायूंचे बळ वाढवणे आणि तोल साधण्याचा सराव यांवर आधारित शरीर तापवण्याचे कार्यक्रम नियमित केल्यास एसीएल दुखापतींचे प्रमाण घटते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘फिफा ११+’ हा सुमारे वीस मिनिटांचा कार्यक्रम त्याचे परिचित उदाहरण असून त्याला खर्चिक साधनांची गरज लागत नाही. शाळा व क्रीडा मंडळांच्या मैदानांवरही असा सराव घेता येतो.

हे सुद्धा पहा

• गुडघा
• अस्थिबंध
• गुडघा प्रत्यारोपण
• भौतिकोपचार